तळापासून

“तळापासून घेऊ,” असं म्हणून ते पुस्तकाच्या पानावरून तळहात खालून वर फिरवायचे, चादरीची सुरकुती काढावी तसा, हलकेच. मग चष्मा वर सरकवायचे, दोन्ही हातांची बोटं एकदा मिटून उघडायचे आणि चुकलेला धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. रागावणं नाही, उसासा नाही. चुकलं की तळापासून. संध्याकाळच्या वेळी हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की वर्गात पाढा चुकलेल्या एका मुलीला मी एकदा “तळापासून घे” म्हणून बसले. ती बिचारी वाकून बाकाखाली बघायला लागली.

आमची इमारत सोलापूरच्या पूर्व भागातली. इमारत म्हणायचं आपलं, खाली एक बिऱ्हाड आणि वर एक. खाली ते आणि त्यांची बायको, वर मी. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणजे खरी मास्तरीण मी. पण गल्लीत कुणी मास्तरांचं घर विचारलं, तर सगळे खालच्या दाराकडे बोट दाखवणार. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात नक्षी काढणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि ते जन्मभर नक्षी काढत आले होते. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अम्मा म्हणते. दोघं आपसांत तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी. भांडताना दोन्ही वापरायचे, म्हणजे मला अर्धंच भांडण कळायचं. त्याची मला फार हळहळ वाटायची.

टॉवेलवर मोर उमटतो तो आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढावा लागतो. त्याला ग्राफ म्हणतात. कुठला चौकोन रंगवायचा आणि कुठला कोरा ठेवायचा, त्यावरून मागावरचा कुठला धागा उचलायचा ते ठरतं. आता हे काम कॉम्प्युटर करतो. मास्तरांनी मात्र शेवटपर्यंत पेन्सिलीनं केलं. कापड मागावर खालून वर वाढत जातं, म्हणून ग्राफ वाचायचा तोही तळाच्या ओळीपासून वर. ओळखीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे समजावून सांगितलं होतं. तुम्हीही ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळं सुरू झालं एका टॉवेलामुळे. मास्तर निवृत्त होण्याच्या जरा आधी कारखान्यात परदेशातली एक ऑर्डर आली. टॉवेलच्या दोन्ही कडांना पियानोच्या पट्ट्यांची किनार हवी होती. मालकांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला, तोही तिरका काढलेला. मास्तरांनी पियानो जन्मात पाहिलेला नव्हता. त्यांनी दर दोन पांढऱ्यांमध्ये एक काळी पट्टी बसवली आणि ती शिस्त या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. किनार दिसायला सुरेख झाली. सगळा माल विणून झाला, आणि मग गिऱ्हाइकानं कळवलं की असा पियानो जगात कुठेही नाही. काळ्या पट्ट्या दोन असतात, मग जागा सुटते, मग तीन असतात. माल त्यांनी घेतला नाही. तो इथल्याच बाजारात विकला गेला, आणि निम्मा पूर्व भाग अजून त्या पियानोला तोंड पुसतो. माझ्या न्हाणीतही एक आहे. टॉवेल म्हणून नाव ठेवायला जागा नाही.

कारखान्यातली माणसं हसली. मालक काही बोलले नाहीत, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. जिन्याखाली चपला घालताना एकदा मला म्हणाले, “मोर काढले, ते बघितले हुते. कमळ बघितलं हुतं. ह्ये बघितलं न्हाई आन काढलं.” एवढंच बोलले आणि छत्री घेऊन निघून गेले. ऊन मी म्हणत होतं तेव्हा, पाऊस नव्हता.

निवृत्त झाल्यावर माणसं तिरुपतीला जाऊन येतात. तेही गेले. परत आल्यावर त्यांनी डोक्यावर केस उगवायचीही वाट पाहिली नाही. मंगळवार बाजारात गेले आणि कुणीतरी मोडीत काढलेला कीबोर्ड रिक्षात घालून घेऊन आले. सोबत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, मोठ्या वयात पियानो शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत, शिक्षकाशिवाय, घरच्या घरी. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचा एक गोरा माणूस दात दाखवत पियानोशी बसला होता. अम्मानं ते चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, की याला घरात दुसरं काम नाही का.

मी म्हटलं, “मास्तर, काळ्या पट्ट्या दोन आणि तीन असतात हे आता कळलं ना? मग शिकायचं कशाला?”

“बघून भागत न्हाई, बाई,” ते म्हणाले. “विणल्याबिगर कळत न्हाई.”

पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आले की मी चहाला खाली थांबायची, आणि चहाचं मोल म्हणून एक पान मराठीत सांगायचं. पाठ ताठ ठेवा. मनगट खाली पडू देऊ नका. खांदे सैल सोडा. हे खांद्याचं वाक्य त्या पुस्तकात दर दोन पानांनी यायचं. मी ते वाचलं की स्वयंपाकघरातून अम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटायची. मास्तर ते मला कधी सांगत नसत, पण खांदे मात्र लगेच सोडत.

सूर लिहिलेल्या ओळींसाठी त्यांना माझी गरज वाटत नव्हती, आणि मलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रेघा आणि ठिपके, यात अवघड ते काय, असं त्यांचं म्हणणं. ठिपका कुठल्या रेघेवर आहे ते बघायचं आणि ती पट्टी दाबायची. अडले ते बोटांच्या आकड्यांपाशी. पुस्तकात दोन्ही हातांच्या अंगठ्यांना एकच नंबर दिलेला होता आणि दोन्ही करंगळ्यांना पाच. मागावर धागे डावीकडून उजवीकडे मोजत जातात. दोन धाग्यांना एक नंबर दिला तर कापडाचं वाटोळं होईल. पुस्तक छापणाऱ्यानं चूक केली असा त्यांनी दोन आठवडे हट्ट धरला. मग एके दिवशी आपणच दोन्ही हात समोर धरून, अंगठ्याला अंगठा लावून, बराच वेळ बघत बसले. “जोडीचं डिझाईन हाय,” एवढं म्हणाले आणि कामाला लागले.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की बसायचे. सणवार नाही, पाहुणे नाहीत. जावई आलेला असला तर त्याला पलंगावर बसवून हे वाजवायला बसत. वीज गेली की नुसत्याच पट्ट्या दाबायचे, आवाजाशिवाय. त्या ठक-ठक आवाजाचा मला वर जास्त त्रास व्हायचा.

पुस्तकाच्या मध्यावर चार ओळींचं एक गाणं होतं. त्याला नाव होतं पण ते मी विसरले. ते मास्तरांच्या हाताला काही केल्या बसेना, आणि मास्तर त्याला काही केल्या सोडेनात. जवळजवळ वर्षभर आमच्या इमारतीत तेच गाणं होतं. मी त्याच्यावर वह्या तपासल्या, त्याच्यावर भाकरी भाजल्या. तसं गोड होतं, पण विचित्र. सुरुवातीलाच ते असं खाली उतरत यायचं की वाटावं, आता संपलं. आणि शेवटी मात्र जिना अर्धा चढून कुणीतरी थांबावं तसं वरच राहायचं. कढईत फोडणी टाकून मोहरी तडतडायची वाट बघतो तसं मला व्हायचं. पण मी मनाशी म्हटलं, इंग्रजी गाणं असंच असणार. त्यांचं सगळंच वेगळं.

माझ्या शाळेच्या रस्त्यावर एका चर्चचा हॉल आहे. तिथे दर रविवारी एक बाई पियानो वाजवतात. इंग्रजी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे मिस म्हणतात. जाता-येता आमची ओळख झाली आणि नाताळात केकचा डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. जिन्यातच त्यांना गाणं ऐकू आलं. त्या एक पाय पायरीवर ठेवून थांबल्या. पूर्ण ऐकलं. मग डबा माझ्या हातात देऊन तशाच खाली गेल्या, मी त्यांच्यामागे.

मिस म्हणाल्या, की छान वाजवताय, पण शेवटच्या ओळीपासून का सुरू करताय?

मास्तर उठून उभे राहिले. मोठ्या माणसासमोर ते बसून बोलत नसत, मग तो वयानं लहान असला तरी. त्यांनी पानावर बोट ठेवलं. तळाच्या ओळीच्या टोकाला एक बारीक आणि एक जाड अशा दोन उभ्या रेघा होत्या. ही किनार, ते म्हणाले. कापड किनारीपासून सुरू होतं. आणि अगदी वर, पहिल्या ओळीच्या तोंडाशी आकड्याखाली आकडा छापला होता. हा डिझाईनचा नंबर. डिझाईनचा नंबर ग्राफच्या माथ्यावरच घालतात.

मिसना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं. त्या रेघा म्हणजे गाण्याचा शेवट आणि ते आकडे तालाचे, एवढं सांगून त्या स्टुलावर बसल्या आणि तेच गाणं वरच्या ओळीपासून वाजवून दाखवलं. वर्षभर अधांतरी लटकलेलं ते गाणं पहिल्यांदा घरी पोचलं. मोहरी तडतडली. मी तर टाळी वाजवणार होते.

मास्तरांचा चेहरा बघितला आणि हात मागे घेतला. ते पुस्तकाकडे बघत नव्हते, कीबोर्ड झाकायच्या टॉवेलाकडे बघत होते. झाकायला अम्मानं तोच टॉवेल काढला होता, चुकीच्या पट्ट्यांचा. “परत त्येच,” ते म्हणाले. “बघितलं न्हाई आन काढलं.”

त्या संध्याकाळी खाली आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी दिवा लागला आणि खालून एकच सूर आला, मग तोच परत, मग पुन्हा तोच. पुस्तकाचा पहिला धडा. सुरुवातीचे एकेका ओळीचे धडे बरोबरच होते, ते सोडून पुढे जायला हरकत नव्हती. पण त्यांना विचारायची सोय नव्हती. पुस्तक पहिल्या पानापासून.

अम्मा जिन्यात भेटली तेव्हा तिची तक्रार वेगळीच होती. ती घरी विड्या वळते, अजूनही. सूप मांडीवर, सुपात कापलेली पानं, आणि बोटं आपापली चालू. ती म्हणाली, “बरं चाललं हुतं की. त्या मिसनं काय सांगितलं काय की, गाणंच बंद केलं.”

मी म्हटलं, अम्मा, ते उलटं होतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की उलटसुलट ठरवणारी मी कोण.

मास्तरांचा उजवा हात थरथरतो हे मला त्याच उन्हाळ्यात दिसलं. बशीत कप वाजत होता. त्यांनी कप पटकन खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबला, शाळेतली पोरं लपवतात तसा.  पुढच्या आठवड्यात ते आपणच वर आले. माझ्याकडे ते कधी येत नसत. दारातच उभं राहून सांगितलं, की डॉक्टरनं सांगितलंय, हा कंप वाढत जाणार. गोळ्यांनी जरा थोपेल, पण जाणार नाही. किती दिवसांत किती वाढेल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

“तंवर पुस्तक संपवायचं,” ते म्हणाले. “शेवटचा धडा दोन पानांचा हाय. दोनी हातांचा. तेवढा एकदा नीट वाजवला की झालं. खालती बोलू नका, बाई. ती उगं घाबरंल.”

मी कबूल केलं. आणि त्याच संध्याकाळी अम्मानं मला हाक मारून, दार लावून घेऊन सांगितलं, की यांचा हात हलतो, मला माहीत आहे, पण मला माहीत आहे हे यांना सांगू नका, घाबरतील. मी तेही कबूल केलं. त्या दोघांच्या मधे मी वर्षभर गप्प बसले, आणि ज्यांनी मला शाळेच्या मीटिंगमध्ये पाहिलंय त्यांना हे किती अवघड ते कळेल.

आता ते दिवसातून दोनदा बसायला लागले. गोळी घेतल्यावर थोडा वेळ हात शांत असतो, ती वेळ त्यांनी हेरली होती. अम्मा त्या वेळेला मिक्सर लावत नसे, कुकर चढवत नसे. कशासाठी ते कुणी बोलत नव्हतं. ज्या दिवशी हात ऐकत नसे त्या दिवशी ते डाव्या हाताचे धडे करत. डाव्याची बाजू त्यामुळे इतकी पक्की झाली की मिसनी तोंडात बोट घातलं. मिस आता आठवड्यातून एकदा यायच्या. शिकवायला नाही, मास्तर शिकवू देत नव्हते. पुस्तकात शिक्षकाशिवाय असं लिहिलं आहे, म्हणाले. फक्त चुकलं तर सांगा. तेव्हा मिस कोपऱ्यात बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायच्या आणि चुकलं की नुसता हात वर करायच्या.

चर्चच्या हॉलमधला पियानो वाजवून बघा, हे त्यांनीच सुचवलं. मास्तर आधी नको म्हणाले. पूर्ण येत नाही तोवर खऱ्याला हात लावायचा नाही, असं त्यांचं होतं. पण बघायला म्हणून गेले. मिसनी वरचं झाकण उघडून दाखवलं. मास्तर आत वाकले ते वाकलेच. आत तारा ताणून बसवलेल्या, पुढे हातोड्यांची ओळ. एक पट्टी दाबली की एक हातोडी उठते. ते इतके खूश झालेले मी आधी पाहिले नव्हते. “बाई, ह्यो तर मागच हाय,” म्हणाले. “आपलाच माग हाय की.” आणि मग मला न विचारता सगळा पियानो समजावून सांगितला. मिसना दहा मिनिटं तोंड उघडू दिलं नाही.

पट्ट्या मात्र जड निघाल्या. कीबोर्डवर बोट टेकलं की आवाज येतो, इथे दाबावं लागत होतं. हात थरथरला तर कीबोर्ड एकाचे तीन सूर काढायचा. पियानो नुसत्या थरथरीला दाद देत नव्हता. हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. शेवटचा धडा इथे वाजवणार, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग रोज दुपारी, उन्हाच्या कारात, डोक्यावर छत्री धरून हॉलकडे जाताना ते दिसायचे. छत्रीचा दांडा हलायचा, पण पाय सरळ चालायचे.

हिवाळ्यात एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे मला आणि अम्माला. अम्मा इरकलचं ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात फूल घालून आली. ती कीबोर्डच्या खोलीतही कधी समोर बसून ऐकायची नाही. हॉलमध्ये ती मागच्या बाकावर बसायला लागली, तर मास्तरांनी बोटानं पुढचा बाक दाखवला.

पुस्तक उघडलं. तळहात सवयीनं पानाच्या खालून वर फिरला आणि वरच्या ओळीपाशी थांबला. खांदे सोडले. सुरू केलं.

पहिलं पान नीट गेलं. हळू होतं, पण नीट. दुसऱ्या पानाच्या मध्यावर उजवा हात फडफडायला लागला. पट्टीवर बोट ठरेना. एक सूर चुकला, मग दुसरा. मी अम्माकडे बघितलं नाही. आता हात थांबतील आणि ते म्हणतील तळापासून, असं मला वाटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा दोन पानं पार करायचं बळ त्या हातात नव्हतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

ते थांबले नाहीत. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. डावा चालूच राहिला, एकटा, त्याच चालीत. एक ओळ डाव्या हातानं एकट्यानं पार केली. मांडीवरचा हात हलत होता, मग कमी हलायला लागला. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी त्यांनी तो पुन्हा पट्ट्यांवर आणला, आणि दोन्ही हात त्या जाड रेघेपर्यंत बरोबर गेले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस डोळे पुसत होत्या. मीही. अम्मानं विचारलं, “झालं?”

“झालं,” मास्तर म्हणाले. “मधी एक ओळ आर्धीच विणली. पर कापड सुटलं न्हाई.” मग मिसकडे वळून त्यांनी अगदी सहज विचारलं, की याच्या पुढचं पुस्तक कुठं मिळतं?

पुढचं पुस्तक आलं. त्यातले पहिले काही धडे त्यांनी केले. पुढे उजव्या हातानं साथ सोडली तेव्हा पानातली फक्त खालची, डाव्या हाताची ओळ वाजवत गेले. वरची ओळ डोळ्यांनी वाचायचे, ओठ हलवत. अर्धंच गाणं ऐकू यायचं, तेलुगू-मराठी भांडणासारखं. मग छातीत कफ झाला, मग दवाखाना, आणि एका सकाळी ते गेले. पुढचं पुस्तक अर्ध्याच्या अलीकडे उघडं राहिलं होतं. ते मी मिटलं, अम्माला ते जमेना.

मला त्यांची आठवण येते असं म्हणणं बरोबर नाही. संध्याकाळी दिवा लागला की मला त्यांची वाट बघायची सवय आहे, ती जात नाही. खालची खोली तशीच आहे. कीबोर्डवर तो टॉवेल आहे, एक पांढरी एक काळी, एक पांढरी एक काळी. अम्मा तो आठवड्याला धुते आणि पुन्हा घालते. लेकीनं तिला आपल्याकडे चल म्हणून खूप सांगितलं. नाही म्हणाली. विड्यांचं काम आहे, म्हणाली.

परवा शाळा लवकर सुटली. मी दुपारीच आले, तर जिन्यापाशी कुणीतरी गुणगुणत होतं. अम्मा उंबऱ्यात बसून विड्या वळत होती, सूप मांडीवर. तेच ते चार ओळींचं गाणं. शब्द नव्हते, नुसती चाल, पण सूर नि सूर जागेवर. आणि ती सुरुवातीलाच खाली उतरत आली. शेवटची ओळ आधी. मग तिच्यावरची, मग तिच्यावरची. पहिल्या वर्षी मास्तर वाजवायचे तसं.

मी म्हटलं, “अम्मा, मास्तरांनी नंतर ते बरोबर केलं होतं. वरच्या ओळीपासून.”

“त्ये बरोबरचं मला येत न्हाई,” अम्मा म्हणाली. बोटं थांबली नाहीत. “त्ये संपून जातंय, बाई. ह्ये बघा, वर गेलं की थांबायला जागाच न्हाई. परत तळापासून घ्यावं लागतंय.”

ती पुन्हा गुणगुणायला लागली. मी पर्स बाजूला ठेवून पायरीवर बसले. गाणं वरच्या ओळीपर्यंत गेलं, जरा थांबलं, आणि पुन्हा खाली आलं.